स्पेनचा डिजिटल नोमॅड व्हिसा: मुख्य अर्जदार नवऱ्याऐवजी मी झाले तर चालेल का?

रंकाळाकाठ:

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितीये. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, राहतो पुण्यात. नवरा एका भारतीय आयटी कंपनीत आहे, ११ वर्षं झाली, कोविडनंतर कायमचं घरूनच काम, हातात महिन्याला ३.२ लाख. मी पण आधी चार वर्षं नोकरी केली, मुलगा झाल्यावर सोडली, आणि गेली अडीच वर्षं एका जर्मन कंपनीसाठी टेस्टिंगचं काम करते, कॉन्ट्रॅक्टवर. म्हणजे दर महिन्याला इन्व्हॉइस पाठवायचं आणि युरोत पैसे येतात, ४५०० युरो. मुलगा सात वर्षांचा आहे. दोन-तीन वर्षं बाहेर राहून बघावं, पोराला वेगळं जग दिसावं, एवढीच इच्छा आहे आणि व्हॅलेन्सिया दोघांनाही आवडलंय.

स्पेनचा डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे तिथे राहून परदेशी कंपनीचं काम ऑनलाइन करायची परवानगी, त्यासाठी एका एजंटला ४० हजार ॲडव्हान्स दिला. त्यांनी पहिल्या दिवसापासून नवऱ्याच्याच नावाने फाइल केली, मी आणि मुलगा डिपेंडंट. मी दोनदा म्हणाले की माझं काम तर सरळ परदेशी कंपनीचं आहे, तर म्हणे मॅडम साहेबांची नोकरी परमनंट आहे, तुमचं कॉन्ट्रॅक्ट, ते स्ट्राँग दिसत नाही. ठीक आहे म्हटलं. आता दोन महिन्यांनी नवऱ्याच्या एचआरकडे सोशल सिक्युरिटीचं पत्र मागितलं तर त्यांनी स्वच्छ सांगितलं की स्पेनसाठी असलं काही आम्ही देऊ शकत नाही. एजंट म्हणतो पीएफचं स्टेटमेंट जोडू, चालून जाईल. मला ते पटत नाहीये आणि रात्री झोप लागत नाहीये, कारण रिजेक्शन आलं तर पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ते लिहावं लागणार.

तर मुख्य अर्जदार मी होऊ शकते का? आणि माझे अजून दोन घोळ आहेत. डिग्री शिवाजी विद्यापीठाची, माहेरच्या नावाने, आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. दुसरं म्हणजे मुलाच्या जन्मदाखल्यावर नावच नाहीये! बारशाच्या आधीच नोंद झाली आणि नावाची जागा रिकामीच राहिली, शाळेत कुणी विचारलं नाही, आधार-पासपोर्टही होऊन गेले, त्यामुळे आमच्या लक्षातच आलं नाही. काल कपाटातून काढून बघितला तेव्हा धस्स झालं.

कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

तुरियाकाठचा:

ताई, सगळ्यात आधी त्या एजंटला थांबवा. आजच. पीएफचं स्टेटमेंट अजिबात चालणार नाही.

मी २०२४ मध्ये मुंबईच्या कॉन्सुलेटमधूनच हा व्हिसा घेतला, बायको आणि मुलगी बरोबर, आता व्हॅलेन्सियातच आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

हा व्हिसा स्पेनच्या स्टार्टअप कायद्यातून आला, कायदा डिसेंबर २०२२ चा, अर्ज २०२३ पासून सुरू झाले. मिळकतीची अट तिथल्या किमान वेतनाला बांधलेली आहे. २०२५ ला किमान वेतन ११८४ युरो होतं, वर्षाला १४ पगार धरून, म्हणजे १२ महिन्यांत वाटलं तर महिन्याला १३८१. मुख्य अर्जदाराला त्याच्या दुप्पट लागतं म्हणजे महिन्याला अंदाजे २७६३ युरो, पहिल्या कुटुंबीयासाठी वर ७५ टक्के म्हणजे १०३६, आणि पुढच्या प्रत्येकासाठी २५ टक्के, ३४५. तिघांचे मिळून झाले ४१४४. म्हणजे तुमच्या एकटीच्या ४५०० मध्ये तिघं बसतात, आणि साहेबांच्या ३.२ लाखात, युरोला १०० रुपये धरले तर ३२०० युरो, तिघं बसतच नाहीत. एजंटने हा साधा हिशोब तरी मांडायला हवा होता. एक मात्र लक्षात ठेवा, किमान वेतन दरवर्षी वाढतंय, २०२३ ला १०८० होतं, २०२४ ला ११३४, म्हणून अगदी काठावर राहू नका, जर्मन लोकांशी रेट वाढवायचं बोलणं होणार असेल तर अर्जाच्या आधीच करा.

आता खरी मेख सोशल सिक्युरिटीची. पगारी नोकर म्हणून अर्ज केला की स्पेन विचारतं, तुमच्या सामाजिक सुरक्षेचे पैसे कोण भरतंय? दोन देशांत करार असेल तर आपल्या ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट मिळतं, ते लावलं की काम झालं. भारताचे असे करार जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, पोर्तुगाल वगैरेंशी आहेत, स्पेनशी नाही. मग भारतीय कंपनीला स्पेनच्या सोशल सिक्युरिटीत स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि एका माणसासाठी कुठली कंपनी ते करेल? तुमच्या एचआरने सरळ नाही सांगितलं, ते एका अर्थी बरंच केलं, गोलगोल उत्तरं दिली असती तर अजून चार महिने गेले असते.

कॉन्ट्रॅक्टवाल्याला ही अडचण येत नाही कारण तो तिथे गेल्यावर स्वतःच्या नावाने नोंदणी करतो, त्याला इथे ऑटोनोमो म्हणतात. अर्जाबरोबर तसं हमीपत्र द्यायचं. पहिल्या वर्षी नव्या ऑटोनोमोला महिन्याला ८० युरोच्या आसपास हप्ता असतो, नंतर मिळकतीप्रमाणे बराच वाढतो, तो धरून चला. म्हणजे एजंट जे कच्चं म्हणत होता तेच तुमच्या घरातलं सगळ्यात पक्कं काम आहे. मुख्य अर्जदार तुम्हीच व्हा. बाई की पुरुष हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेच नसतो.

जर्मन कंपनीकडून लागेल: कॉन्ट्रॅक्ट, आणि लेटरहेडवर पत्र की ह्या अमुक तारखेपासून आमच्यासाठी काम करतात, काम हे, मोबदला एवढा, आणि स्पेनमधून काम करायला आमची हरकत नाही. हे शेवटचं वाक्य नसेल तर पत्राचा उपयोग नाही. कंपनीशी संबंध किमान तीन महिने जुना लागतो आणि कंपनी किमान एक वर्ष चालू असल्याचा पुरावा लागतो, जर्मनीत तो हँडल्सरेगिस्टरचा, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणीचा उतारा, त्यांच्या अकाउंटंटला सांगितलं की लगेच काढून देतात. उद्या एखादं स्पॅनिश काम मिळालं तर ते एकूण कामाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवायचं.

डिग्रीचं आणि दाखल्याचं रात्री लिहितो, आता मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली.

भटका नाशिककर:

एवढं कशाला करताय, टूरिस्ट शेंगेन, म्हणजे युरोपात फिरायचा व्हिसा काढा, स्पेनला उतरा आणि तिथूनच अर्ज टाका. कॉन्सुलेट जास्तीत जास्त एक वर्षाचा व्हिसा देतं, आतून अर्ज केला तर सरळ तीन वर्षांचं परमिट मिळतं आणि कायद्याने २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या मित्राने तसंच केलं.

मीनाकाकू मालागा:

नाशिककर, तुमचं चूक नाही, कायद्यात ते आहे. पण तुमचा मित्र एकटा होता का? रंकाळाकाठला सात वर्षांचं लेकरू आहे.

अगं ऐक, मी इथे सोळा वर्षं आहे, मराठी मुलंमुली फोन करतात तेव्हा जमेल तेवढं सांगते, म्हणून लिहिते. आपल्या लोकांना टूरिस्ट शेंगेन बहुतेक वेळा तिकिटाच्या तारखांपुरताच मिळतो, पंधरा-वीस दिवस. एवढ्यात घर शोधायचं, कागद अपलोड करायचे, वकील बघायचा, आणि एक कागद कमी निघाला की तो कोल्हापूरहून मागवायचा. मागच्या वर्षी एक जोडपं माझ्याकडे आठ दिवस राहिलं होतं, लग्नाच्या दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, नव्हता. ती पोरगी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती, दाखला तासगावला आणि ही मालागात. शेवटी परत गेले, तिकिटांचे पैसे गेले ते गेलेच. आणि राहायला जायचं ठरवून फिरायला जातोय असं फॉर्मवर लिहायचं, ते मला तरी बरोबर वाटत नाही. एक वर्षाचा व्हिसा मिळाला तरी पुढचं परमिट इथूनच होतं, त्यात काही बिघडत नाही.

मुंबईतूनच कर. सगळे कागद हातात घेऊन ये.

तुरियाकाठचा:

काकूंशी शंभर टक्के सहमत.

आता कागद. आधी जन्मदाखला, कारण त्याला वेळ लागेल. घाबरू नका, जन्मनोंदीत नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत. जिथे नोंद झाली त्या नगरपालिकेत-महापालिकेत जायचं, दोघांचं अर्जपत्र, मुलाचा शाळेचा पुरावा, आधार, थोडी लेट फी. आणि नवीन दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीतला मागा. मुलाचं नाव, तुमचं नाव, वडलांचं नाव, पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग आहे ना, ते खिडकीवर उभ्या उभ्याच एकेक अक्षर वाचून बघा. माझ्या मुलीच्या दाखल्यावर बायकोच्या नावात एक ए जास्त पडला होता, त्या एका अक्षरासाठी मला परत सांगलीला जावं लागलं.

डिग्रीचं. कायद्यात डिग्री किंवा त्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, दोन्हीपैकी एक चालतं. तुमची जुनी चार वर्षं आणि ही अडीच, अनुभव भरपूर झाला. जुन्या कंपनीचं अनुभवाचं पत्र कुठल्या नावाने आहे? सासरच्या असेल तर तेच पुढे करा. तरी मी म्हणेन डिग्री पण लावा, आणि दोन नावं एकाच बाईची हे दाखवायला लग्नाचा दाखला, त्यावर दोन्ही नावं असतील तर उत्तम. नावबदल राजपत्रात छापून घेतला असेल तर तो पण. केला नसेल तर आत्ताच अर्ज करून ठेवा, पुढे तिथल्या बँकेत, शाळेत सगळीकडे हा प्रश्न येतोच, कारण स्पेनमध्ये लग्नानंतर बाईचं नाव बदलतच नाही. माझ्या बायकोला दर खिडकीवर समजावून सांगावं लागतं की ही मीच.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, आणि मग स्पॅनिश भाषांतर, ते पण स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथेच्या भाषांतरकाराकडूनच. भाषांतर आधी केलं तर अपॉस्टिलच्या पानाचं भाषांतर राहतं आणि परत पैसे जातात. अपॉस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, बाकी जे घेतात ते एजन्सीचं, म्हणून कुणी कागदामागे पाच-सहा हजार म्हणालं तर चार ठिकाणी विचारा.

पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, सगळ्यात शेवटी काढा. पासपोर्ट सेवावर अर्ज, ५०० रुपये, पुण्यात मुंढव्याला जावं लागतं. तो कागद लवकर शिळा होतो. गेल्या दोन वर्षांत जिथे राहिलात तिथला लागतो, म्हणजे तुम्हाला फक्त भारताचा, आणि शिवाय पाच वर्षांचं स्वतःचं घोषणापत्र. हेल्थ इन्शुरन्स स्पेनमध्ये परवानगी असलेल्या कंपनीचा, को-पे नसलेला, म्हणजे उपचाराच्या वेळी खिशातून वाटा द्यावा लागणार नाही असा, पूर्ण वर्षाचा. प्रवास विमा घेऊ नका, तो हा नव्हे.

सगळं दिल्यावर एखादं रेकेरिमिएन्तो येईल, म्हणजे हा कागद कमी आहे, द्या. दहा दिवसांची मुदत असते. ते आलं म्हणजे फाइल फेटाळली असं नाही. मला आलं होतं. त्यात काय मागितलं ते इथल्याच साताऱ्याच्या सीए साहेबांना विचारा, त्यांनीच मला वाचवलं.

सीए सातारा:

वाचवलं वगैरे काही नाही, पण हा मुद्दा कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

ताई, तुमचं रिटर्न बहुतेक ४४ एडीए खाली भरलं जात असेल. म्हणजे एकूण जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवायचं, त्यावर टॅक्स. आपल्याकडे ते पूर्ण कायदेशीर आहे. पण परदेशातला अधिकारी तुमचं आयटीआर उघडतो तेव्हा त्याला काय दिसतं? वर्षाला साधारण ५४ लाख आले आणि उत्पन्न २७ लाख. म्हणजे महिन्याला सव्वादोन लाख, अटीच्या बरंच खाली. तुरियाकाठच्यांना नेमकं हेच विचारलं होतं, की इन्व्हॉइस एवढे आणि रिटर्नमध्ये निम्मे का. मी पत्र दिलं, की हे कलम असं असं आहे, निम्मा खर्च कायद्याने गृहीत धरला जातो, प्रत्यक्षात आलेली रक्कम बँकेत ही, सोबत महिन्यानुसार तक्ता. ते भाषांतर करून लावलं आणि विषय मिटला. तुम्ही वाट बघू नका, हे पत्र पहिल्याच फाइलमध्ये लावा. इन्व्हॉइस, बँक स्टेटमेंट, एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला), तिघांचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. बँक मधले चार्जेस कापते म्हणून ४५०० च्या जागी ४४७८ दिसतात, ते पण तक्त्यात लिहा.

टॅक्सचं थोडक्यात. वर्षात १८३ दिवसांहून जास्त स्पेनमध्ये राहिलात की तिथले टॅक्स रेसिडेंट, आणि त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. त्यामुळे कुठल्या महिन्यात निघता याने फरक पडतो, तिकीट काढायच्या आधी विचारा. इंटरनेटवर बेकहॅम नियमाबद्दल, म्हणजे स्पेनमध्ये नव्याने आलेल्यांना सरसकट २४ टक्के कर, हे वाचून लोक खूश होतात, तो मुख्यतः पगारी लोकांसाठी आहे, तुमच्यासारख्या ऑटोनोमोला बहुतेक वेळा साधे टप्पे लागतात, साधारण १९ पासून ४७ टक्क्यांपर्यंत, प्रांतागणिक थोडे वेगळे. महिन्याच्या ४५०० मधून टॅक्स आणि हप्ता गेल्यावर हातात काय उरतं ते आधी कागदावर मांडा, मग घरभाडं बघा. दोन देशांत दुहेरी करविरोधी करार आहे, एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून, पण तो आपोआप लागू होत नाही, दाखवावा लागतो. ४४ एडीए फक्त रहिवाशांना आहे, तिथे गेल्यावर ती सवलत संपली. आणि निघाल्यावर बचत खातं तसंच चालू ठेवू नका, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्या.

फोंड्याची:

मी पोर्तुगालबद्दल लिहिते, रंकाळाकाठच्या उपयोगाचं नसेल तरी नवऱ्यासारख्या पगारी लोकांसाठी. पोर्तुगालशी आपला सोशल सिक्युरिटी करार मे २०१७ पासून लागू आहे. माझा भाऊ पुण्याच्या कंपनीच्या पगारावर लिस्बनला आहे, डी८ व्हिसावर, म्हणजे पोर्तुगालच्या अशाच व्हिसावर, त्याच्या एचआरने ईपीएफओकडून सर्टिफिकेट काढून दिलं. मिळकतीची अट मात्र जास्त, किमान वेतनाच्या चौपट, २०२५ ला ८७० चे चार म्हणजे ३४८०. आधी चार महिन्यांचा व्हिसा मिळतो आणि तिथे जाऊन परमिटची अपॉइंटमेंट, त्यात फार वेळ जातो, तयारी ठेवा.

आमच्या गोव्यात पोर्तुगाल म्हटलं की लोकांना लगेच १९६१ च्या आधी जन्मलेल्या आजोबांच्या नावावरचा पासपोर्ट आठवतो. ते वेगळं, हे वेगळं, दोन्हीचे कागद एकत्र करू नका.

रंकाळाकाठ:

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, काय बोलू कळत नाही. मी वाचता वाचता वहीत उतरवलं आणि रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. तो ४१४४ वर थांबला, स्वतः मोबाइलवर गुणाकार करून बघितला आणि म्हणाला, तुझ्याच नावाने टाकू. एजंटला फोन करून थांबवलंय, ४० हजारातले किती परत मिळतील माहीत नाही पण ओरिजिनल कागद तरी उद्या घेऊन येणार आहे.

आता खरा प्रश्न नवऱ्याच्या नोकरीचा. तो माझा डिपेंडंट म्हणून आला तर तिथून पुण्याच्या कंपनीचं काम करू शकतो का? का सोडावीच लागेल?

तुरियाकाठचा:

डिपेंडंटला स्पेनमध्ये कामाची परवानगी असते, वेगळं परमिट लागत नाही, ही या व्हिसाची चांगली गोष्ट आहे. पण तिथे राहून पुण्याच्या पगारावर काम म्हणजे परत तोच सोशल सिक्युरिटीचा प्रश्न. गपचूप करणारे लोक आहेत, मी सांगणार नाही. कंपनीला विचारा की त्यांना कन्सल्टंट म्हणून घेतील का, मग ते पण ऑटोनोमो होऊ शकतात. नाही म्हणाले तर बिनपगारी सहा महिन्यांची रजा मागा, तेवढ्यात इथे स्पॅनिश शिकून होते बरीचशी. माझी बायको तशीच आली, आता इथल्या कंपनीत आहे.

मीनाकाकू मालागा:

आणि ११ वर्षांची नोकरी सोडायची म्हणजे घरात बोलणं होणार, सासूसासरे, आईवडील, सगळे. तो फोन तू एकटीने करू नकोस, त्याला करू दे. मी आले तेव्हा सगळं माझ्या डोक्यावर आलं होतं, म्हणून सांगते.

लेकराच्या शाळेची काळजी करू नकोस. सरकारी शाळा फुकट आहे, राहत्या पत्त्याची नोंद, एम्पाद्रोनामिएन्तो म्हणतात, ती झाली की प्रवेश मिळतो. व्हॅलेन्सियात मात्र शाळेत स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन पण असतं, दोन नव्या भाषा एकदम. घरी मराठीच बोला, बाकीच्या दोन्ही तो शाळेतून आणेल.

रंकाळाकाठ:

अपडेट देते. काल महापालिकेत जाऊन आलो. शाळेच्या बोनाफाइडवर मुलाचं नाव तीन ओळींत, तिथल्या बाईंनी आधी म्हटलं एवढी वर्षं काय करत होता, मग स्वतःच रजिस्टर काढून दाखवलं. जुन्या पानावर नावाच्या रकान्यात नुसती रेघ होती. दहा-बारा दिवसांत नवीन दाखला देतो म्हणाल्या. स्पेलिंग मी तिथेच दोनदा वाचून घेतलं, तुरियाकाठचा दादा, तुमचा तो एक ए डोक्यात होता.

जुन्या कंपनीचं अनुभवाचं पत्र सासरच्या नावाने निघालं, डिग्रीसाठी लग्नाचा दाखला आहे, त्यावर दोन्ही नावं आहेत. राजपत्राचा अर्ज या आठवड्यात करते. जर्मनीला मेल गेला, त्यांनी स्पेनच्या वाक्यासकट पत्र द्यायचं कबूल केलंय, रेटचं मात्र जानेवारीत बोलू म्हणाले. नवरा सोमवारी मॅनेजरशी बोलणार आहे.

एकच विचारायचं राहिलं, मुंबईला फाइल द्यायला जाताना मुलाला बरोबर न्यावं लागतं का, की आम्ही दोघं गेलो तरी चालेल? त्याची सहामाही आहे त्याच आठवड्यात.

तुरियाकाठचा:

आम्ही मुलीला नेलं होतं, तिचे ठसे घेतले नाहीत पण अर्ज तिच्या नावाने वेगळा होता. अपॉइंटमेंट घेतानाच व्हिसा सेंटरला ईमेल करून लेखी विचारा आणि उत्तराची प्रिंट फाइलमध्ये ठेवा. सहामाही झाल्यावरची तारीख मिळाली तर तीच घ्या, पीसीसी तेवढ्यासाठीच शेवटी काढायला सांगितलं.